आपला हिशेब दुसऱ्याच्या सर्व्हरवर

गेल्या अंकात जीएसटीच्या नोंदी किती काळ जपाव्या लागतात ते लिहिलं होतं: त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राची जी शेवटची तारीख, तिथून पुढे ७२ महिने. त्यावर आलेली बहुतेक पत्रं एकाच प्रश्नावर येऊन थांबली. जपायच्या खऱ्या, पण कुठे? ऑफिसात की क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर? त्यातली चार पत्रं इथे घेतली आहेत. लिहिणाऱ्यांच्या विनंतीवरून नावं गाळली आहेत.

प्रश्न : आमची जिनिंग-प्रेसिंग आहे, प्रायव्हेट लिमिटेड. टॅली एका कॉम्प्युटरवर, काट्याचं सॉफ्टवेअर दुसऱ्यावर. मुलगा पुण्याहून शिकून आलाय, तो म्हणतो सगळं क्लाउडवर टाकू, कुठूनही बघता येईल. जळगावचा एक एजंट येऊन महिन्याचं भाडं सांगून गेला. पण माझे वडील, आप्पा, ऐकायलाच तयार नाहीत. "आपला हिसोब दुसराना घरमा कसाले ठेवाना?" म्हणतात. कोणत्या शेतकऱ्याला काय भाव दिला, कोणत्या मिलला गाठी कितीला गेल्या, हे बाहेर फुटलं तर आमचा धंदा बसेल. विश्वास ठेवावा का?
— एक जिनिंगचालक, धरणगाव

उत्तर : आप्पांचा प्रश्न योग्य आहे, तो हसण्यावारी नेऊ नका. पण दुसऱ्याच्या घरात ठेवायचं नाही म्हटलं, तर आपलं घर कसं आहे तेही बघायला हवं.

जिनिंगच्या ऑफिसांत कॉम्प्युटर बसवणं आणि बिघडले की उघडणं हे माझं वर्षानुवर्षांचं काम. काट्याला लागून खोली, खिडकीतून ड्रायव्हर काटापट्टी घेणार, सीपीयू टेबलाखाली जमिनीवर. ऐन हंगामात त्याचं झाकण उघडलं की आतल्या पंख्यावर रुईचा थर बसलेला असतो. चिमटीत धरून ओढला की पट्टीच्या पट्टी निघून येते. त्याखाली पंखा जेमतेम फिरत असतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात, लाइटचा भरवसा नाही, इन्व्हर्टर जोडलेला असतो तो दिव्यांना आणि पंख्यांना. आणि शंभरेक पावलांवर कापसाची गंजी. जिनिंगला आग लागणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमचा इतक्या वर्षांचा हिशेब त्या टेबलाखालच्या एका डिस्कवर आहे.

तेव्हा डिस्क बिघडणं, आग, पाणी, चोरी एवढ्यापुरतं बोलायचं तर मोठ्या क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर तुमच्या ऑफिसपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तिथे एकच फाइल अनेक डिस्कवर असते. एक डिस्क गेली तर तुम्हाला कळतही नाही. आणि हे सगळं सातासमुद्रापारच असतं असं नाही. मायक्रोसॉफ्टची पुण्यातली सेंटरं २०१५ पासून आहेत, ॲमेझॉनची मुंबईत २०१६ पासून, गुगलची मुंबईत २०१७ पासून.

पण आग तिथेही लागते. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएचक्लाउड या मोठ्या कंपनीची पाच मजली इमारत जळून गेली. अनेक ग्राहकांचा डेटा कायमचा गेला. त्यातल्या एकाने बॅकअपचे वेगळे पैसे भरलेले होते आणि बॅकअपच्या प्रती त्याच जागी निघाल्या. प्रकरण कोर्टात गेलं, कोर्टाने कंपनीला भरपाई द्यायला लावली. डेटा मात्र आला नाही.

आता आप्पा म्हणतील, बघ, मी काय सांगत होतो. त्यांना दक्षिण कोरियाचंही सांगा. २६ सप्टेंबर २०२५ ला देजॉन शहरात तिथल्या सरकारच्या स्वतःच्या डेटा सेंटरला आग लागली. सुरुवात लिथियम बॅटऱ्यांपासून झाली. सरकारी कर्मचारी ज्या यंत्रणेत आपल्या फाइली ठेवत ती ८५८ टेराबाइटची यंत्रणा पूर्ण गेली. एवढ्या मोठ्या साठ्याची दुसरीकडे प्रत ठेवलेलीच नव्हती. म्हणजे एक जागा भाड्याची, एक घरची, आणि दोन्हीकडे नुकसान झालं ते दुसऱ्या गावी दुसरी प्रत नसल्यामुळे.

भाव फुटण्याची भीती वेगळी, तिच्याकडे येतो. क्लाउड कंपनीतला कोणी तुमच्या गाठींचे सौदे वाचत बसेल, हे मला फार दूरचं वाटतं. मी जिथे जिथे भाव फुटलेले पाहिले तिथे वाट घरातूनच होती. मुनीमजींनी एक्सेल स्वतःच्या व्हॉट्सॲपवर पाठवलेली. काम सोडून गेलेल्या पोराचा पासवर्ड कोणी बदललेला नाही. सगळे जण एकाच ॲडमिन नावाने टॅली उघडतात, त्यामुळे कोणी काय पाहिलं, काय बदललं, पत्ता लागत नाही. क्लाउडवर गेल्याने हे आपोआप सुधारत नाही. उलट महागात पडतं, कारण आता तोच पासवर्ड घेऊन कोणी सुरतेत बसूनही आत शिरू शकतो. जून २०१४ मध्ये कोड स्पेसेस नावाच्या कंपनीच्या ॲमेझॉन क्लाउडच्या खात्यात असाच चोर शिरला. त्याने पैसे मागितले, आणि कंपनी त्याला बाहेर काढायच्या खटपटीत असताना त्याने डेटा आणि बहुतेक बॅकअप पुसून टाकले. कंपनी बंद पडली. ॲमेझॉनच्या डिस्कला काही झालं नव्हतं. मूळ प्रत आणि बॅकअप दोन्ही एकाच किल्लीने उघडत होते.

म्हणून मालकाच्या खात्याला मोबाइलवरची दुहेरी पडताळणी लावा, ते खातं रोजच्या कामाला वापरू नका आणि प्रत्येक माणसाला त्याच्या नावाचं, त्याच्या कामापुरतं लॉगिन द्या. काट्यावरच्या माणसाला ताळेबंद दिसायचं कारण नाही.

सगळ्यात जास्त खोदून विचारायचं ते त्या एजंटला. "टॅली क्लाउडवर" म्हणून आपल्याकडे जे विकलं जातं ते बरेचदा असं असतं: एजंट कुठल्या तरी कंपनीचा एक सर्व्हर भाड्याने घेतो, त्याचे भाग पाडतो आणि वीस-पंचवीस दुकानदारांना देतो. तुम्हाला वाटतं आपण मोठ्या कंपनीकडे आहोत. प्रत्यक्षात त्या कंपनीला तुम्ही ठाऊकच नसता, तिचा ग्राहक एजंट. वेअरहाउसला माल ठेवताना पावती कोणाच्या नावावर फाडली हे तुम्ही बघताच ना, तसंच हे बघा. एजंटने महिन्याचं बिल भरलं नाही तर सर्व्हर बंद होतो, तुम्ही पैसे भरलेले असलात तरी. त्याला विचारा: सर्व्हर कोणत्या कंपनीचा, कोणत्या शहरात, खातं कोणाच्या नावावर? आमची रोजची प्रत आम्हाला आमच्या हातात मिळेल का? सोडायचं ठरवलं तर किती दिवसांत, कोणत्या स्वरूपात डेटा देणार? हे तो लेटरहेडवर लिहून देत नसेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आणखी एक विचारा: सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे लांबून तो कॉम्प्युटर चालवायच्या सोयीने, जाताना मध्ये व्हीपीएन, म्हणजे बाहेरच्यांना बंद असलेली खासगी वाट, आहे का? जळगाव एमआयडीसीतल्या पाइपच्या एका कारखान्यात मी सकाळी गेलो तेव्हा प्रत्येक फाइलच्या नावापुढे अनोळखी शेपूट लागलेलं होतं, फाइली कुलूपबंद आणि स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी. रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडा होता, पासवर्ड कारखान्याच्या नावापुढे १२३. बॅकअपची डिस्क होती. पण ती कायम यूएसबीला लावलेली, त्यामुळे तीही त्याच कुलुपात गेली. क्लाउडच्या फोल्डरशी आपोआप जुळणी चालू होती, म्हणून कुलूपबंद फाइली इमानेइतबारे वरही जाऊन बसल्या. वाचले ते सीएंकडच्या पेनड्राइव्हमुळे, जीएसटीच्या ऑडिटसाठी दिलेली जुनी प्रत तेवढी निघाली. पुढच्या महिन्यांची बिलं पार्ट्यांकडून मागवून पुन्हा चढवली. ड्राइव्हमध्ये आपोआप जुळणारं फोल्डर म्हणजे बॅकअप, असं जो सांगेल त्याचं ऐकू नका. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं.

तुमची प्रायव्हेट लिमिटेड आहे म्हणून कायद्याचं थोडं. कंपनीच्या लेखा नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार हिशेबाच्या इलेक्ट्रॉनिक वह्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतात असलेल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. १ एप्रिल २०२३ पासून केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअरही सक्तीचं आहे. तेव्हा सिंगापूरचा स्वस्त सर्व्हर एकटा चालणार नाही.

तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं? टॅली भारतातल्या सर्व्हरवर, खातं कंपनीच्या नावावर. रोज संध्याकाळी काटा बंद झाला की टॅलीच्या बॅकअपची प्रत दुसऱ्या कंपनीच्या क्लाउडवर, जिथे जुन्या प्रती ठरावीक दिवस कोणालाच पुसता येत नाहीत अशी सोय चालू करून. आणि दोन बाहेरच्या डिस्क, आठवड्याला आलटून पालटून, काम झालं की वायर काढून एक आप्पांच्या कपाटात, घरी. टॅलीव्हॉल्टचा, म्हणजे टॅलीतला डेटा कुलूपबंद करणारा, पासवर्ड लावा म्हणजे प्रत कोणाच्या हाती लागली तरी उघडणार नाही. पण तो विसरलात तर टॅलीवालेही उघडून देऊ शकत नाहीत. तो कागदावर लिहून आप्पांच्याच तिजोरीत ठेवायचा. त्यांच्या हातात किल्ली आहे म्हटल्यावर त्यांचा विरोधही बराच मावळेल, असा माझा अनुभव सांगतो.

आणि तीन महिन्यांतून एकदा मुनीमजींना एका रिकाम्या लॅपटॉपसमोर बसवा. म्हणा, ऑफिस जळालं असं धरा, मागच्या दिवाळीच्या आठवड्यातला अमुक पार्टीचा खतावणी उतारा काढून दाखवा. किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. पहिल्या वेळी काही तरी अडेलच: पासवर्ड सापडणार नाही, आवृत्ती जुळणार नाही, निम्मी फाइल चढेल. ते अडणं हंगामाच्या आधी उघडं पडलेलं बरं. एजंटच्या "रोज बॅकअप होतो साहेब" या वाक्याला मी या परीक्षेशिवाय किंमत देत नाही.

प्रश्न : मी एका महिला पतसंस्थेची सचिव आहे. सभासदांची खाती, आधार, पॅन, तारण सोन्याच्या नोंदी सगळं सॉफ्टवेअर कंपनीच्या क्लाउडवर आहे. संचालक मंडळात मी सुरक्षेचा विषय काढला की सगळे म्हणतात, "कंपनी बघेल, आपण पैसे देतो ना." कंपनीच जबाबदार असते का?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : नाही ताई, आणि तुम्ही हा विषय लावून धरलात हे फार चांगलं केलंत.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत दिली आहे. कायदा सरळ सांगतो की माहिती जिने गोळा केली ती संस्था जबाबदार, पुढे तिने काम कोणालाही दिलेलं असो. सुरक्षेत कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. पतसंस्थेला काही तेवढा होणार नाही, पण "कंपनी बघेल" हे उत्तर तिथे चालणार नाही, हे मंडळाला या भाषेत सांगा. शिवाय सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेला कळवायचं, हे निर्देश एप्रिल २०२२ पासूनच आहेत. तेव्हा कंपनीने तुम्हाला किती तासांत कळवायचं हे करारात हवं. बऱ्याच करारांत ते नसतं.

दुसऱ्याच्या यंत्रणेवर चालताना काय होतं याचं उदाहरण आपल्याच सहकार क्षेत्रातलं आहे. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा, हल्ला झाला. ही कंपनी सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रज्ञान पुरवते. हल्ला पसरू नये म्हणून एनपीसीआय या यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने तिला देयक यंत्रणेपासून काही काळ तोडलं आणि देशभरातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे ग्राहक एटीएम, यूपीआयला मुकले. त्या बँकांच्या स्वतःच्या कार्यालयांत काहीही बिघडलेलं नव्हतं.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. एका पतसंस्थेने सॉफ्टवेअर बदलायचं ठरवलं तेव्हा जुन्या कंपनीने डेटा दिला, अगदी सगळा दिला, पण पीडीएफमध्ये. खातेउताऱ्यांचे गठ्ठे. तिथल्या दोन मुली उन्हाळाभर आकडे पुन्हा टाइप करत बसल्या होत्या. एकीने पट्टीच धरली होती ओळीखाली, डोळा घसरू नये म्हणून, आणि दर पानाची बेरीज कॅल्क्युलेटरवर जुळवून खाली सही करायची. मला ते पाहून फार वाईट वाटलं होतं. ठेवी सभासदांच्या, माहिती संस्थेची, आणि ती सोडवून घ्यायला ही हमाली. तुमच्या करारात एक ओळ घालून घ्या: मागणी केल्यावर ठरावीक दिवसांत सर्व डेटा एक्सेल किंवा सीएसव्हीमध्ये, वेगळं शुल्क न लावता, आणि दिल्यावर स्वतःकडचा पुसल्याचं लेखी पत्र. नूतनीकरणाच्या वेळी हे मिळतं, कारण तेव्हा त्यांना तुमची सही हवी असते. मार्चच्या आधी मंडळाचा ठराव करून घ्या.

प्रश्न : सावद्याला आमचं केळीचं पॅकहाऊस आहे. कापणीची वजनं, शेतकऱ्यांचे हिशेब, आखातात जाणाऱ्या कंटेनरचे कागद सगळं गुगल ड्राइव्हवर आहे. पण ते खातं आमच्याकडे होता त्या पोराच्या स्वतःच्या जीमेलचं आहे. तो आता दुसरीकडे लागला. वागणं चांगलं आहे त्याचं. काळजी करावी का?
— केळी व्यापारी, सावदा

उत्तर : हो. आणि वागणं चांगलं आहे तोवरच काम उरका.

त्याला बोलवा, शेजारी बसवा. तुमच्या नावाचं नवीन खातं उघडा आणि फाइलींची मालकी त्याच्या खात्यातून तुमच्याकडे पाठवायला सांगा. ड्राइव्हमध्ये तशी सोय आहे, तो पाठवतो आणि तुम्ही स्वीकारता. शिवाय सगळ्याची एक प्रत उतरवून डिस्कवर घ्या. नुसतं फोल्डर तुमच्याशी शेअर केलेलं असेल तर मालक तोच राहतो. त्याने जागा मोकळी करायला एखादं फोल्डर पुसलं तर तुमच्याकडूनही गेलं. कचरापेटीत ते ३० दिवस राहतं, नंतर नाही. फुकटच्या खात्याला १५ जीबीच जागा असते, आणि दोन वर्षं कोणी उघडलं नाही तर गुगल खातंच काढून टाकू शकतं.

कंटेनरचे कागद जिथे राहतात त्या खात्यासाठी महिन्याला थोडे पैसे मोजा. गुगलचंच व्यवसायाचं घ्या किंवा झोहो या आपल्या देशातल्या कंपनीचं घ्या, दोन्ही चालतील. माणूस गेला की त्याचं लॉगिन बंद करायचा आणि त्याच्या फाइली दुसऱ्याकडे वळवायचा अधिकार तुमच्या हाती राहतो.

प्रश्न : नंदुरबारला मिरचीचा व्यापार आहे. मेल, हिशेब सगळं एका अमेरिकन कंपनीकडे. उद्या त्यांनी एका दिवसात बंद केलं तर? असं होतं का, की मी उगाच घाबरतोय?
— मिरची व्यापारी, नंदुरबार

उत्तर : झालेलं आहे, आणि भारतातच झालेलं आहे. नायरा एनर्जी ही वाडीनारची रिफायनरी चालवणारी कंपनी. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, त्यानंतर सेवा पूर्ववत झाल्या. सेवेचे पैसे भरलेले होते. तुमच्यावर कोणी निर्बंध घालणार नाही, पण चुकून खातं बंद होणं तुमच्याही बाबतीत होऊ शकतं. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं गुगल क्लाउडवरचं खातं गुगलच्याच मांडणीतल्या चुकीने पुसलं गेलं. सहा लाखांहून जास्त सभासद, आणि आठवडाभर कोणाला आपला आकडा दिसेना. फंडाने दुसऱ्या कंपनीकडे वेगळी प्रत ठेवली होती, ती कामी आली.

त्यामुळे हिशेबाची रोजची प्रत त्या कंपनीच्या बाहेर ठेवा, वर जिनिंगवाल्यांना सांगितली तशीच. करारातली सेवा ९९.९ टक्के वेळ चालू राहण्याची हमी वाचून निश्चिंत होऊ नका. महिन्याला सुमारे ४३ मिनिटं बंद राहिलं तरी ती हमी पाळली जाते, आणि मोडली तर बहुधा पुढच्या बिलात थोडी सूट मिळते. लिलावाच्या दिवशी बुडालेला सौदा त्यात येत नाही. बाजार चालू असताना फायबर तुटली तर लागेल म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला एक डोंगल गल्ल्यात असू द्या.

मेलचं म्हणाल तर तुमच्या फर्मच्या नावाचं डोमेन, म्हणजे पत्त्यातला @ च्या पुढचा भाग, असेल तर मेल एका कंपनीकडून दुसरीकडे एक-दोन दिवसांत हलवता येतो, पत्ता तोच राहतो. फक्त ते डोमेन नोंदवलेलं कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा. बहुतेक ठिकाणी ते वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या नावावर निघतं आणि नूतनीकरणाची सूचनाही त्याच्याच मेलवर जाते. ते तुमच्या नावावर करून घ्या, आणि पाच वर्षांचे पैसे एकदम भरून टाका.